तिव्याचं इंजेक्शन आणि माळावरची गिधाडं

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या अर्थशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात भारतातल्या गिधाडांवर एक शोधनिबंध छापून आला. लिहिणारे दोघेही अर्थशास्त्रज्ञ: शिकागो विद्यापीठाचे इयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन. त्यांचा निष्कर्ष असा, की गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली. तो आकडा वाचला आणि माझी नजर आधी दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाकडे गेली. मी पशुवैद्य आहे, नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात नोकरी करते, आणि ही सगळी गोष्ट सुरू होते ती जनावरांच्या दवाखान्यातूनच.

पावसाळ्यात आमच्याकडे तिव्याची साथ येते. गाय तापाने फणफणते, एका पायाने लंगडते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच पायाने, आणि मग बसते ती उठत नाही. बैलाला तिवा झाला तर पेरणी अडते. दुभत्या गाईची कास दगडी होते तेव्हा वेदनेने ती वासरालाही लाथ मारते. अशा वेळी ताप आणि सूज उतरवणारं इंजेक्शन द्यावंच लागतं. माणसांच्या सांधेदुखीसाठी १९७० च्या दशकात बाजारात आलेलं डायक्लोफेनॅक नावाचं औषध पेटंट संपल्यावर स्वस्त झालं आणि १९९४ च्या सुमारास भारतात जनावरांसाठीही मिळू लागलं. औषध खरोखर गुणाचं. संध्याकाळी सुई टोचली की सकाळी जनावर उभं राहून वैरण खायचं. तेव्हा नोकरीत असलेले माझे ज्येष्ठ सहकारी सांगतात, शेतकरी नाव घेऊन ते मागायचे. त्यांनी ते वापरलं यात मला काहीच गैर दिसत नाही. त्या काळी कुठल्याच पुस्तकात त्याचा धोका लिहिलेला नव्हता.

पण सगळीच जनावरं औषधाने वाचत नाहीत. काही इंजेक्शन देऊनही दगावतात. आपल्याकडे मेलेली गाय गावाबाहेर माळावर नेऊन टाकायची, कातडं सोलणाऱ्याने कातडं न्यायचं आणि बाकीचं गिधाडांवर सोडायचं, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गिधाडांचा थवा उतरला की तासाभरात नुसता सापळा उरायचा. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू त्यात टिकत नाहीत. देशभर मेलेल्या गुरांची विल्हेवाट लावण्याचं काम हे पक्षी फुकट करत होते. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर १९८० च्या दशकात जगातला सर्वांत जास्त संख्येने आढळणारा मोठा शिकारी पक्षी असावा, असं पक्षितज्ज्ञ मानत.

ते कमी होताहेत हे आधी लक्षात आलं राजस्थानात, भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेहून जास्त जोड्या मोजल्या होत्या. १९९० च्या दशकात ते पुन्हा मोजायला गेले तेव्हा निम्म्यासुद्धा उरल्या नव्हत्या. झाडांखाली मेलेली गिधाडं पडलेली होती आणि जिवंत होती ती मान खाली टाकून फांदीवर बसलेली. दशक संपेपर्यंत तिथली घरटी जवळजवळ संपली. पुढे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांतली घट मोजली गेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली होती. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची शंभरात तीनच्या आसपास.

सुरुवातीला सगळ्यांना संशय आला तो विषाणूचा. साथ असल्यासारखेच पक्षी मरत होते. कीटकनाशकांचीही शंका घेतली गेली. उत्तर सापडलं ते पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये. अमेरिकेतल्या ‘पेरेग्रीन फंड’ या संस्थेच्या मोहिमेत डॉ. लिंडसे ओक्स यांच्या चमूने मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदनं केली. बहुसंख्य पक्ष्यांच्या शरीरात एकच गोष्ट दिसली: आतल्या अवयवांवर पांढरा थर.

हा थर मी स्वतः पाहिलेला आहे, पण कोंबड्यांमध्ये. पोल्ट्रीवाले मेलेल्या ब्रॉयलर घेऊन दवाखान्यात येतात. छातीचं हाड कातरून वर उचललं की एखाद्या कोंबडीचं हृदय चुना फासल्यासारखं पांढरं दिसतं. हृदयाभोवतीची पिशवी, यकृताचा पृष्ठभाग, सगळ्यावर कोरडी पांढरी भुकटी, बोटाला लागते अशी. मूत्रपिंडं सुजून फिकी पडलेली असतात. माणसाचं शरीर नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीतून टाकतं, पक्ष्याचं शरीर तो युरिक आम्लाच्या रूपाने टाकतं. पक्ष्याचं मूत्रपिंड बंद पडलं की हे आम्ल रक्तात साचतं आणि त्याचे स्फटिक मिळेल त्या अवयवावर बसतात. आम्ही याला अवयवांचा गाऊट म्हणतो. कोंबड्यांमध्ये याची कारणं वेगळी असतात, खाद्य, पाणी, विषाणू. पण पांढरा थर दिसला की मूत्रपिंडावर घाव झाला आहे, एवढं पक्कं समजायचं.

ओक्स यांनी नेमका इथूनच माग काढला. गिधाडांचं मूत्रपिंड कशाने निकामी होतंय? जड धातू तपासले, कीटकनाशकं तपासली, विषाणू शोधले. काही हाती लागेना. मग त्यांनी प्रश्न उलटा फिरवला. गिधाडं खातात फक्त मेलेली गुरं, तर गुरांना काय दिलं जातं? चमूने तिथल्या पशुवैद्यांना आणि औषध दुकानदारांना विचारलं: तोंडावाटे पोटात गेलं तर अंगात भिनणारं आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारं कुठलं औषध तुम्ही विकता? नाव एकच निघालं. गाऊटने मेलेली २५ गिधाडं तपासली तर २५ च्या २५ पक्ष्यांच्या मूत्रपिंडात डायक्लोफेनॅक होतं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्यांत ते नव्हतं. जायबंदी असल्यामुळे पुन्हा सोडता येणार नव्हती अशा काही गिधाडांना त्यांनी डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचं मांस खाऊ घातलं. ज्यांच्या पोटात पुरेसं औषध गेलं ती काही दिवसांतच, तोच पांढरा थर घेऊन मेली. २००४ साली हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. मला या शोधातली सर्वांत मोलाची पायरी वाटते ती दुकानदारांना विचारलेला तो साधा प्रश्न. प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र त्याच्यानंतर आलं.

तरी एक शंका उरते, आणि शेतकरीही ती मला विचारतात. औषध दिलेली सगळीच गुरं काही मरत नाहीत. बऱ्या झालेल्या जनावराच्या अंगातून औषध दोन-तीन दिवसांत निघून जातं. म्हणजे इंजेक्शननंतर लगेच दगावलेलं जनावरच काय ते विषारी. एवढ्याने कोट्यवधी पक्षी कसे संपले? याचं गणित केंब्रिजचे रीस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच मांडलं. गिधाडं एकेकटी जेवत नाहीत. एका गाईवर पन्नास, शंभर पक्षी तुटून पडतात, आणि वर्षभरात प्रत्येक पक्षी अशा कितीतरी पंगतींना हजर असतो. त्यांच्या हिशेबाने १३० ते ७६० मेलेल्या जनावरांमागे एकाच्या अंगात घातक प्रमाणात डायक्लोफेनॅक असलं, तरी दिसली तेवढी घट व्हायला पुरेसं होतं. पुढे भारतात मेलेल्या गुरांचे नमुने तपासले, तेव्हा दर दहांपैकी एकात ते सापडलं.

गिधाडं गेली, गुरं मरायची थांबली नाहीत. माळावरचं मांस आता कुत्र्यांच्या वाट्याला आलं. कुत्रं गिधाडासारखं सगळं साफ करत नाही. थोडं खातं, ओढून दुसरीकडे नेतं, उरलेलं कुजतं आणि पहिल्या पावसात ओढ्याला जातं. खाणं मुबलक झालं की कुत्र्यांची पिल्लं जगतात, टोळ्या वाढतात, आणि त्यांच्याबरोबर रेबीज.

रेबीज जनावरांत कसा दिसतो हे लोकांना नीट माहीत नसतं, म्हणून इथे थोडं थांबून सांगते. एका पाड्यावरून बोलावणं आलं. ‘बाई, म्हशीच्या घशात कायतरी अडकलंय, पाणीबी उतरंना.’ म्हैस तोंड अर्धवट उघडं टाकून उभी होती, लाळेची लांब तार लोंबत होती, आणि मधूनच ती घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात हंबरत होती. मालकाने बाटूक अडकलं असेल म्हणून कोपरापर्यंत हात घशात घालून पाहिला होता. त्याच्या पुतण्यानेही. अडकलेलं काही नव्हतं. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून लाळ गिळता येत नाही, आणि त्या लाळेतच विषाणू असतो. महिनाभरापूर्वी पिसाळलेलं कुत्रं गोठ्यापर्यंत आलं होतं, हे शेजारणीला आठवलं. दोघांनाही तिथेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं हात धुवायला लावले आणि लस टोचून घ्यायला पाठवलं. हातावर विळ्याच्या ताज्या चिरा होत्या, त्यामुळे लसीबरोबर सीरमही लागलं. दोघं वाचले. म्हैस वाचणं शक्यच नव्हतं. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगावर इलाज नाही, जनावराला नाही आणि माणसालाही जवळपास नाहीच. घशात काही अडकल्यासारखं वाटलं तर हात घालू नका, आधी आम्हाला फोन करा, हे मी प्रत्येक शिबिरात सांगते.

फ्रँक आणि सुदर्शन यांनी हेच देशाच्या पातळीवर मोजलं. भारतातले काही जिल्हे गिधाडांच्या वस्तीला अनुकूल होते, काही नव्हते. डायक्लोफेनॅक स्वस्त होण्याआधी दोन्हीकडच्या मृत्युदराची चाल सारखीच होती. नंतर ज्या जिल्ह्यांत गिधाडं असायची, तिथला मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढला. जिथे ती मुळातच नव्हती तिथे अशी वाढ दिसली नाही. त्याच जिल्ह्यांत रेबीजच्या लसीची विक्री वाढली आणि नद्यांच्या पाण्यातले विष्ठाजन्य जंतूही वाढले. हा हिशेब संख्याशास्त्रीय आहे. अमुक माणूस गिधाड नसल्यामुळे गेला, असं कुणाच्या मृत्यूच्या दाखल्यावर लिहिता येत नाही. पण एका पक्ष्याच्या जाण्याची किंमत माणसांच्या जिवात मोजण्याचा इतका काटेकोर प्रयत्न मी तरी दुसरा वाचलेला नाही.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचं आधी आफ्रिकेतल्या आणि मग आपल्याकडच्या पक्ष्यांवर तपासून सिद्ध झालं. आमच्या कपाटात आज तेच असतं, आणि तिव्याच्या गाईला ते चांगलं लागू पडतं. पण माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक ३० मिलीच्या मोठ्या बाटल्यांत मिळत राहिलं. माणसाला एका वेळी तीन मिली पुरतं, मोठी बाटली सोयीची कुणाला? तर गुरांना. २०१५ मध्ये सरकारने बाटलीचा आकार तीन मिलीवर आणला. मग अॅसिक्लोफेनॅक पुढे आलं, जे गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं. केटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. या दोघांवर बंदी यायला २०२३ उजाडलं. निमेसुलाइडचा नंबर त्याच्याही नंतर लागला. स्पेनमध्ये तर सगळं माहीत असताना २०१३ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली गेली, आणि काही वर्षांनी तिथे त्याने मेलेलं गिधाड सापडलंच.

मला राग येतो तो या क्रमाचा. आधी औषध बाजारात, मग पक्षी मरणार, मग कुणीतरी ते शोधून काढणार, मग वर्षानुवर्षं पाठपुरावा, मग बंदी. गुरांसाठी वेदनाशामक आणायचं तर ते गिधाडांवर आधी तपासून घ्या, ही अट परवान्यातच का असू नये? आम्ही दुधात औषधाचा अंश किती दिवस राहतो हे बाटलीवर वाचतो आणि तेवढे दिवस दूध डेअरीला घालू नका म्हणून सांगतो. मेलेल्या जनावराच्या मांसात तो किती दिवस राहतो आणि ते कोण खातं, हेही त्याच बाटलीवर छापता येईल.

गिधाडांना परत आणणं फार संथ काम आहे. मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू स्वतः वीण घालण्याजोगं व्हायला पाचेक वर्षं जातात. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणली, काही महिने तिथल्या मोठ्या पिंजऱ्यांत ठेवली आणि पाठीवर ट्रान्समीटर बांधून सोडली. आमच्या बाजूला अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं अजून आहेत. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनखात्याने आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी उपाहारगृह केलं आहे. तिथे टाकायचं जनावर औषधमुक्त असावं लागतं, आणि ते औषधमुक्त आहे हे सांगणार कोण, तर शेवटचा उपचार करणारा माणूस.

म्हणून केसपेपरवर मी वेदनाशामकाचं नाव, मात्रा आणि तारीख ठळक अक्षरांत लिहिते. जनावर दगावल्याचा फोन आला की मालकाला विचारते, आठवडाभरात माझ्याशिवाय आणखी कुणी सुई टोचली होती का, आणि रिकामी बाटली घरात आहे का. बाटली मिळाली की तिच्यावरचं नाव वाचते. मेलॉक्सिकॅम असेल तर जनावर माळावर जाऊ शकतं. दुसरं काही असेल, किंवा बाटलीच सापडली नाही, तर खोल खड्डा खणून ते पुरायला सांगते आणि पुरून होईपर्यंत तिथे थांबते.