वस्तुसूची आणि साठा

व्यापार, कारखानदारी आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांत ‘इन्व्हेंटरी’ हा इंग्रजी शब्द वारंवार आढळतो. त्याचा अर्थ मराठीत सांगू लागले की एका शब्दाने काम भागत नाही. कधी तो ‘वस्तुसूची’ असतो, म्हणजे वस्तूंची नोंद केलेला कागद. तर कधी ‘साठा’ असतो, म्हणजे कोठारातील प्रत्यक्ष वस्तू. मराठीत हे दोन अर्थ वेगळे राहतात, ही सोयीचीच गोष्ट होय. कारण या विषयातील पुष्कळशा अडचणी कागदावरील साठा आणि कोठारातील साठा यांत अंतर पडल्यामुळेच उद्भवतात.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘सापडणे’ किंवा ‘शोधून काढणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. तेव्हा इन्व्हेंटरी म्हणजे शोध घेतल्यावर जे आढळले त्याची यादी. काय असावयास हवे होते याची ती यादी नव्हे.

हा अर्थ कायद्याने फार पूर्वी स्वीकारला. प्राचीन रोमन कायद्यात वारसा स्वीकारणाऱ्याच्या माथी मृताचे सारे ऋण येई. मग मागे राहिलेली मालमत्ता कितीही तुटपुंजी असो. इ. स. ५३१ मध्ये सम्राट जस्टिनियनने यातून वाट काढली. वारसाने तीस दिवसांच्या आत सूची करण्यास आरंभ करावा आणि पुढील साठ दिवसांत ती पुरी करावी. तसे केल्यास सूचीत नोंदलेल्या मालमत्तेपलीकडे त्याच्यावर देण्याची जबाबदारी नाही, असा नियम त्याने केला. एका प्रामाणिक यादीने माणसाला दुसऱ्याच्या कर्जापासून वाचविले. भारतातही १९२५ च्या वारसा अधिनियमानुसार मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला, प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, मालमत्ता, येणे आणि देणे यांची पूर्ण व खरी सूची न्यायालयात सादर करावी लागते.

गोव्यात तर हा शब्द घरोघरी परिचित आहे. पोर्तुगीज राजवटीत तेथे लागू झालेल्या १८६७ च्या नागरी संहितेमुळे मृताच्या मिळकतीची वाटणी ‘इन्व्हेंटरी’ या न्यायालयीन प्रक्रियेने होऊ लागली. २०१२ च्या गोवा अधिनियमाने ही प्रक्रिया नव्या स्वरूपात चालू ठेवली. कुटुंबप्रमुखाने शपथेवर वारसांची व मालमत्तेची माहिती द्यावयाची आणि त्या सूचीवरून वाटणी व्हावयाची, असा तिचा क्रम आहे. मुलगा व मुलगी यांचा वाटा तेथे समान असतो. परंतु एखादे शेत सूचीतून वगळले गेले, तर त्या शेतापुरता हा समान हक्क कागदावरच राहतो.

आता दुसऱ्या अर्थाकडे वळू. साठा का करावा, याचे उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिळते. कोठारातील निम्मा साठा प्रजेच्या आपत्काळासाठी राखावा, निम्मा वापरावा आणि जुन्याच्या जागी नवा भरीत जावा, असे तो सांगतो. स्वतंत्र भारतात १९६५ साली भारतीय अन्न महामंडळाची स्थापना झाली आणि धान्याचा राखीव साठा हे शासनाचे नित्याचे कर्तव्य ठरले. २०१५ साली ठरविलेल्या प्रमाणांनुसार मध्यवर्ती साठ्यात १ एप्रिलला सुमारे २१० लाख टन, तर १ जुलैला सुमारे ४११ लाख टन धान्य असावे. या दोन तारखांच्या दरम्यान रब्बीच्या गव्हाची खरेदी होते. म्हणून हा फरक.

साठा जितका अधिक तितके बरे, असे मात्र नाही. समजा, एका रुग्णालयाला वर्षाकाठी सलाइनच्या १,२०० बाटल्या लागतात. प्रत्येक मागणीमागे कागदपत्रे व वाहतूक यांचा ५० रुपये खर्च येतो आणि एक बाटली वर्षभर सांभाळण्यास ३ रुपये पडतात. साऱ्या बाटल्या एकदम मागविल्या तर मागणीचा खर्च ५० रुपये. पण सरासरी ६०० बाटल्या पडून राहतात आणि त्यांचे १,८०० रुपये होतात. दरमहा १०० बाटल्या मागविल्या तर मागणीचे ६०० व सांभाळण्याचे १५०, असे ७५० रुपये लागतात. एका वेळी २०० मागविल्या तर दोन्ही खर्च प्रत्येकी ३०० रुपये होतात आणि एकूण ६०० रुपये हा आकडा सर्वांत कमी ठरतो. असा समतोल काढण्याचे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये मांडले.

परंतु हे गणित खप एकसारखा आहे असे धरून चालते. रुग्णालयात एखाद्या आठवड्यात गॅस्ट्रोची साथ येते आणि खप एकाएकी वाढतो. म्हणून माल येईपर्यंत लागणाऱ्या बाटल्यांखेरीज काही बाटल्या राखीव ठेवाव्या लागतात. माल येण्यास पंधरा दिवस लागत असतील तर त्या काळात सुमारे ५० बाटल्या खपतील. राखीव ३० धरल्यास, शिल्लक ८० वर येताच नवी मागणी गेली पाहिजे. साठा अगदी कमी ठेवण्याची पद्धत जपानच्या टोयोटा कारखान्याने यशस्वी केली. तरीही मार्च २०११ च्या भूकंपानंतर सुट्या भागांचा पुरवठा तुटला आणि जपानमधील मोटारींचे उत्पादन थांबले.

हिशेबतपासनिसाच्या दृष्टीने साठ्याला आणखी एक महत्त्व आहे. वर्षारंभीचा साठा व वर्षातील खरेदी यांच्या बेरजेतून वर्षअखेरचा साठा वजा केला की विकलेल्या मालाची किंमत मिळते. अखेरचा साठा फुगवून दाखविला तर ही किंमत घटते आणि नसलेला नफा वहीत दिसू लागतो. म्हणूनच वही पुरेशी न मानता कोठारात जाऊन माल मोजण्याची रीत आहे.

या मोजणीचा कंटाळा अनेकांना येतो. परंतु रुग्णालयाच्या नोंदवहीत ८० बाटल्या आहेत आणि कपाटात ८ च आहेत, तर नवी मागणी वेळेवर जाणार नाही. ही तफावत उघडकीस येईल ती रुग्ण खाटेवर असताना. सूची खरी असणे म्हणजे काय, ते तेथे कळते.