तंबोऱ्याचे मोल कशात असते?

दोन गिटारी शेजारी ठेवल्या तर दोहोंना सहाच तारा आणि आकारही सारखाच. परंतु एकीची किंमत दुसरीच्या शंभरपटही असू शकते. असे का व्हावे?

तार स्वतः फार थोडी हवा हालविते. तिचे कंपन घोडीवाटे पुढच्या पातळ फळीत उतरते व ती फळीच आपणांस ऐकू येते. स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस या कारागिराने १८६२ साली पाठ व कडा पुठ्ठ्याच्या असलेली गिटार बनवून या फळीचे महत्त्व सिद्ध केले. विजेच्या गिटारीत हे काम लोहचुंबक व त्याभोवतीचे तारेचे वेटोळे करते. पोलादी तार कंप पावताच वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व ध्वनिवर्धक त्याचा नाद करतो.

आता आपल्या तंबोऱ्याकडे वळू. बडोद्याच्या दरबारात काही काळ गायिलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ पुढे ज्या मिरजेस स्थायिक झाले, तेथे एकोणिसाव्या शतकापासून शिकलगार घराणी तंबोरे व सतारी घडवीत आहेत. शस्त्रांना धार लावणारे ते हात तारांकडे वळले. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. भीमाकाठचा वाळविलेला भोपळा, तुणीचे लाकूड, चार तारा: साहित्य एवढेच.

मग मोल कशाचे? जवारीचे. तंबोऱ्याची घोडी रुंद असते व तिचा माथा किंचित बाकदार. कंप पावणारी तार त्यास हलकेच स्पर्शत राहते. मध्ये सुताचा धागा सरकवून तो स्पर्श नेमका साधतात. त्यामुळे एका स्वरातून अनेक उपस्वर फुलतात. नेहमीच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर उमटू नयेत, तेही येथे उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. हा बाक कारागीर कानसेने घासतो, तार छेडतो, ऐकतो व पुन्हा घासतो. तारेने घोडीवर चरे पडले की जवारी नव्याने काढावी लागते.

नंदेसरीसारख्या कारखान्यांच्या गावी राहणाऱ्या आम्हांस एकसारखा माल काढणाऱ्या यंत्राचे कौतुक आहेच. तंबोऱ्याचा नाद देणारी यंत्रेही आता घरोघरी आहेत व रियाजास ती उपयोगी पडतात. परंतु कोठे थांबावे हे जवारी काढताना कानच सांगतो, आणि तो कान वर्षानुवर्षे गुरूशेजारी बसून तयार होतो. शिकणारा कोणी उरला नाही, तर भोपळा व लाकूड राहतील, तंबोरा राहणार नाही.

पुढच्या वेळी मैफलीस जाल, तेव्हा तंबोऱ्याची खर्जाची तार लक्षपूर्वक ऐका. कोणी न छेडलेला गांधार तीतून आपोआप उमटेल. जाणकार त्यास स्वयंभू गांधार म्हणतात.