भगवें नगर आणि राज्याचा कायदा

पंथ कोणताहि असो, आधीं माणसें जमतात, मग त्यांना जागा लागते, आणि जागेच्या मागोमाग सरकार येतें. जोंवर चार भक्त एखाद्याच्या ओसरीवर बसून भजन करीत असतात, तोंवर राज्यकर्त्यांस त्यांच्याशीं कांहीं कर्तव्य नसतें. परंतु त्याच भक्तांनीं विस्तीर्ण रान विकत घेऊन तेथें घरें बांधलीं, रस्ते काढले, आपले शिपाई नेमले, म्हणजे प्रश्न उभा राहतो कीं, हा मठ कीं गांव? आणि गांव असेल, तर त्यांत सत्ता कोणाची? अमेरिकेंतील ऑरेगन राज्यापुढें हा प्रश्न १९८१ ते १९८५ या चारपांच वर्षांत मोठ्या तीव्रतेनें उभा राहिला. त्या राज्यानें तो कसा सोडविला, त्यांत कोठें चुकलें आणि कोठें सावरलें, याचा विचार आज येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या प्रकरणाचें मूळ आपल्याच अंगणांत आहे. १९७४ सालीं आचार्य रजनीश यांनीं पुण्यास कोरेगांव पार्कांत आश्रम स्थापिला. पुढील सात वर्षे त्या भागांतील रस्त्यांवर भगव्या झग्यांतील युरोपियन व अमेरिकन स्त्रीपुरुष दिसत. कित्येक पुणेंकर घराण्यांत त्यांच्याविषयीं कुतूहल होतें, कित्येकांत संताप होता, आणि कांहीं घरांतील तरुण मंडळी तिकडे ओढलीहि गेलीं. आश्रमास ती जागा अपुरी पडूं लागली तेव्हां सासवड, कच्छ अशा ठिकाणीं मोठ्या वसाहतीचे बेत झाले. पण ते सिद्धीस गेले नाहींत. १९८१ च्या उन्हाळ्यांत रजनीश अमेरिकेस गेले. २०१८ सालीं नेटफ्लिक्सवर 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' ही चित्रमालिका आली, तेव्हां ही जुनी हकीकत पुनः घरोघरीं निघाली, आणि वडीलधारी व तरुण यांच्यांत वाद रंगले. एक पक्ष म्हणे, सरकारनें परक्यांचा छळ केला. दुसरा म्हणे, सरकारनें फारच सोसलें. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट नजरेआड केली. ऑरेगनपुढें एक प्रश्न नव्हता, तीन होते: जमिनीचा, सत्तेचा आणि गुन्ह्याचा. या तिहींची सरमिसळ केली म्हणजे न्याय कोठें आणि अन्याय कोठें हें कळेनासें होतें.

प्रथम जमिनीचा प्रश्न घेऊं. जुलै १९८१ मध्यें रजनीशांच्या अनुयायांनीं ऑरेगनच्या उत्तर-मध्य भागांतील 'बिग मडी रँच' हें ६४,२२९ एकरांचें चराईचें रान साडेसत्तावन्न लाख डॉलरांस घेतलें. जमीन उजाड होती. परंतु हे लोक सुशिक्षित व कष्टाळू होते. त्यांत वकील होते, डॉक्टर होते, स्थापत्यविशारद होते. त्यांनीं थोडक्याच काळांत बंधारा, धावपट्टी, सभामंडप, उपाहारगृहें उभीं केलीं. अडचण अशी कीं, ती जमीन कायद्यानें शेतीची होती. ऑरेगननें १९७३ सालीं, टॉम मॅकॉल हे गव्हर्नर असतांना, शहरांनीं शेतजमीन गिळूं नये म्हणून कडक कायदा केला होता. शेतावर शेतीपुरतींच घरें बांधावींत, हा त्याचा रोख. आपल्याकडे ज्यांनीं बिनशेती परवान्यासाठीं कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्यांस हें फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

त्यावर अनुयायांनीं युक्ति काढली ती अशी: शेतावर बांधतां येत नाहीं ना, मग त्या जागेचें रीतसर नगरच करावें. वॉस्को कौंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाच्या, त्रिसदस्य मंडळानें नोव्हेंबर १९८१ मध्यें दोन विरुद्ध एक अशा मतांनीं नगरस्थापनेच्या मतदानास परवानगी दिली. मे १९८२ मध्यें मतदान झालें. विरुद्ध एकहि मत पडलें नाहीं, आणि 'रजनीशपुरम्' जन्मास आलें. शेतजमीन राखण्यासाठीं झटणारी 'थाउजंड फ्रेंड्स ऑफ ऑरेगन' ही संस्था त्याविरुद्ध न्यायासनापुढें गेली, आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला.

दरम्यान सुमारे वीस मैलांवरील अँटेलोप या चिमुकल्या गांवावर संकट आलें. वस्ती जेमतेम चाळीसपन्नास. बहुतेक सेवानिवृत्त वृद्ध मंडळी. नव्या लोकांनीं तेथें घरें घेतलीं आणि पाहतां पाहतां मतदारांत त्यांची बहुसंख्या झाली. आपलें गांव त्यांच्या हातीं जाईल या भीतीनें जुन्या रहिवाशांनीं १९८२ सालीं गांवाची नगरपालिकाच मोडण्याचा ठराव आणला. तोहि नव्या मतांच्या बळावर पडला. पुढें गांवाचें नांवहि बदलून 'रजनीश' ठेवण्यांत आलें. यांत कायद्याचा भंग कोठें झाला म्हणून विचारलें तर बोट ठेवतां येत नाहीं. परंतु ज्या म्हाताऱ्यानें आयुष्य एका गांवांत काढलें, त्याला एके सकाळीं त्या गांवाचें नांवच परकें होतें, याचें दुःख कायद्याच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. आणि या दुःखाची वाट लवकरच द्वेषाकडे वळली हेंहि खरें. १९८३ सालीं पोर्टलंड शहरांतील अनुयायांच्या हॉटेलांत बाँबस्फोट झाला. त्यानंतर वसाहतींतील पहारे व बंदुका वाढतच गेल्या.

दुसरा प्रश्न सत्तेचा. ऑरेगनचे अॅटर्नी जनरल डेव्ह फ्रॉनमायर यांनीं ऑक्टोबर १९८३ मध्यें आपलें मत प्रसिद्ध केलें. त्याचा आशय असा: या नगराची सारी जमीन एका धर्मसंस्थेच्या व तिच्याशीं संलग्न मंडळांच्या मालकीची आहे, तिच्या इच्छेवांचून तेथें कोणास घर करतां येत नाहीं, तेव्हां नगरपालिकेस सरकारी पैसा व अधिकार देणें म्हणजे धर्मसंस्थेसच राज्यसत्ता देणें होय, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेस तें संमत नाहीं. राज्यानें दावा दाखल केला. येथें ध्यानांत ठेवण्यासारखें हें कीं, रजनीश काय शिकवितात, त्यांचे शिष्य कसे राहतात, गुरूच्या दाराशीं नव्वदाहून अधिक रोल्स-रॉइस मोटारी कां उभ्या आहेत, यांतील एकाहि गोष्टीवर हा दावा उभा नव्हता. तो एका साध्या तत्त्वावर उभा होता: नगर हें नगरवासीयांचें असलें पाहिजे, मालकाचें नव्हे.

तिसरा प्रश्न १९८४ सालीं उद्भवला. नोव्हेंबरांत कौंटीच्या मंडळाची निवडणूक होती, आणि तें मंडळ आपल्या बाजूचें असावें अशी वसाहतीच्या चालकांची इच्छा होती. ऑगस्टांत वसाहतीच्या पाहणीस आलेल्या मंडळाच्या तिघां सभासदांपैकीं दोघांना पिण्याच्या पाण्यांतून रोगजंतु देण्यांत आले; एकाची प्रकृति फार बिघडली. सप्टेंबर व ऑक्टोबर या महिन्यांत कौंटीचें मुख्य गांव जें 'द डॅल्स', तेथील दहा उपाहारगृहांत कोशिंबिरीवर सालमोनेला जंतु टाकण्यांत आले. ७५१ माणसें आजारी पडलीं, ४५ जणांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. मतदानाच्या दिवशीं गांवकऱ्यांस अंथरुणावर ठेवतां येईल काय, याची ही चाचणी होती. त्याच सुमारास अमेरिकेच्या शहराशहरांतून हजारों बेघर माणसें बसगाड्यांत घालून रजनीशपुरम् येथें आणण्यांत आलीं. हा परोपकार कीं मतदारभरती, अशी शंका सर्वांस आली.

या वेळीं राज्यानें काय केलें? मतदार नोंदणीच्या प्रमुख नॉर्मा पॉलस यांनीं त्या कौंटींतील नेहमीची नोंदणी थांबविली आणि प्रत्येक नव्या अर्जदाराची स्वतंत्र चौकशी करण्याचें ठरविलें. शेवटीं वसाहतवाल्यांनीं निवडणुकीवर बहिष्कार घातला. रोगाच्या बाबतींत मात्र राज्य चुकलें. आरोग्यखात्यानें खानपानगृहांतील नोकरांच्या अस्वच्छतेवर ठपका ठेवला. १९८५ च्या फेब्रुवारींत काँग्रेसचे सभासद जेम्स वीव्हर यांनीं हें कृत्य वसाहतीचें असल्याचा आरोप उघड सभागृहांत केला, तेव्हां पुष्कळांना तो पूर्वग्रह वाटला. संशय खरा होता. पुरावा मात्र नव्हता. आणि पुराव्यावांचून घरांत शिरावयाचें नाहीं, हा नियम राज्यानें पाळला. गव्हर्नर व्हिक्टर अटिया यांच्यावर लोक चिडले, कारण त्यांनीं फौज धाडली नाहीं.

फौज धाडल्यानें काय होतें, याचे दाखले त्याच देशांत आहेत. २६ जुलै १९५३ रोजीं अॅरिझोनाचे गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांनीं शॉर्ट क्रीक या बहुपत्नीक पंथाच्या खेड्यावर पहांटे धाड घातली आणि २६३ मुलें ताब्यांत घेतलीं. रडणाऱ्या मुलांचीं छायाचित्रें देशभर पसरलीं, लोकमत उलटलें, मुलें यथावकाश परत गेलीं, आणि पुढल्या वर्षीं पाइल निवडणूक हरले. २२ जून १९८४ रोजीं, म्हणजे ऑरेगनचें प्रकरण ऐन भरांत असतां, व्हरमाँट राज्यानें आयलंड पाँड येथील एका ख्रिस्ती वसाहतींतून ११२ मुलें उचललीं. न्यायाधीश फ्रँक महाडी यांनीं प्रत्येक मुलाविषयीं पुरावा मागितला, तो नव्हता, मुलें त्याच दिवशीं घरीं गेलीं. संबंध समाजास एकच आरोपी समजून जाळें टाकलें कीं, निरपराध्यांबरोबर अपराधीहि जाळ्याबाहेर निसटतात.

ऑरेगनमध्यें जाळें टाकावें लागलें नाहीं. तें आंतूनच उसवलें. सप्टेंबर १९८५ च्या मध्यास रजनीशांची सर्वाधिकारी चिटणीस मा आनंद शीला आपल्या निकटवर्तीयांसह युरोपांत निघून गेली, आणि दोनच दिवसांनीं खुद्द रजनीशांनीं तिच्यावर विषप्रयोगाचे व चोरून संभाषणें ऐकण्याचे आरोप वार्ताहरांपुढें केले. आतां मात्र राज्याचे व केंद्राचे अधिकारी रीतसर आज्ञापत्रें घेऊन आंत गेले. प्रयोगशाळेंत सांपडलेले जंतु द डॅल्सच्या रोग्यांतील जंतूंशीं जुळले. शीलानें १९८६ मध्यें गुन्हे कबूल केले. वीस वर्षांची शिक्षा झाली, तरी अडीच वर्षांच्या आंत ती सुटली. ऑक्टोबर १९८५ च्या अखेरीस रजनीशांना अटक झाली, ती मात्र देशप्रवेशाच्या कायद्याखालीं. नोव्हेंबरांत त्यांनीं चार लक्ष डॉलर भरून देश सोडला. १९८७ च्या आरंभीं ते पुण्यास परत आले आणि १९ जानेवारी १९९० रोजीं तेथेंच निवर्तले. अँटेलोपनें नोव्हेंबर १९८५ मध्यें आपलें जुनें नांव परत घेतलें.

आणि तें नगर? डिसेंबर १९८५ मध्यें संघराज्याच्या न्यायालयानें सत्तेच्या प्रश्नावर राज्याच्या बाजूनें निकाल दिला. पण जमिनीच्या प्रश्नावर निकाल उलट लागला. १९८७ सालीं ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयानें तो वाद संपविला, तेव्हां शेतजमिनीच्या कायद्याच्या दृष्टीनें नगरस्थापना वैधच ठरली. तोंवर तेथें रिकामीं घरें आणि वाऱ्यावर उडणारी धूळ एवढेंच उरलें होतें!

या शेवटच्या निकालांत आम्हांस सर्व प्रकरणाचें सार दिसतें. जो विषारी कट शिजला त्याचा विटाळ न्यायाधीशांनीं जमिनीच्या प्रश्नास लागूं दिला नाहीं. हजारों साध्या अनुयायांना या कटाची गंधवार्ताहि नव्हती. त्यांनीं आपलें तारुण्य व पुंजी त्या मातींत घातली होती. चालकांचे अपराध त्यांच्या माथीं मारले गेले नाहींत, हें त्या राज्याचें भूषण होय. परंतु सावधपणा हा गुण असला तरी सुस्ती हा नव्हे. आजारी गांवकऱ्यांना खरें कारण कळावयास वर्ष लागलें, आणि तें कळलें तेंहि गुरुशिष्यांत बेबनाव झाला म्हणून.

आपल्या राज्यघटनेनेंहि पंचविसाव्या कलमांत धर्मस्वातंत्र्यास सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य अशा तीन मर्यादा घातल्या आहेत. श्रद्धा ही त्या मर्यादेच्या आंत; जमीन, हिशेब आणि कृति यांवर मात्र सरकारचें लक्ष असणें योग्यच. पण सरकार पोंचण्यापूर्वीं घर पोंचूं शकतें. आपल्या घरांतील कोणी मुलगा, सून वा भाचा एखाद्या आश्रमाकडे ओढला गेला, तर त्याच्या गुरूची निंदा करून कांहीं साधत नाहीं. दार मात्र बंद होतें. त्याऐवजीं शांतपणें चारच प्रश्न विचारावे: जमीन कोणाच्या नांवावर आहे? हिशेब कोणास पाहतां येतो? बाहेरच्यास आंत व आंतल्यास बाहेर मोकळेपणानें येतां जातां येतें काय? आणि चालकास 'नाहीं' म्हणणारा तेथें कोणी शिल्लक आहे काय? उत्तरें समाधानकारक असलीं तर श्रद्धा वेगळी असूनहि माणूस सुरक्षित आहे असें समजावें. नसलीं, तर आपल्या घरचें दार त्याच्यासाठीं उघडें ठेवावें. कारण परत येण्याची वेळ आली म्हणजे त्याला पहिली आठवण त्याच दाराची होणार आहे.