रन-फ्लॅट टायर काढून साधे टायर बसवताना

रन-फ्लॅट टायरमधली हवा पूर्ण गेली तरी गाडी लगेच थांबवावी लागत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती, म्हणजे साइडवॉल, आतून जाड आणि ताठ रबराने भरलेल्या असतात. हवा नसतानाही त्या गाडीचा भार काही काळ पेलतात. त्यासाठी बहुतेक कंपन्या सांगतात ती मर्यादा अशी: वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत आणि अंतर साधारण ८० किलोमीटर. साध्या ट्यूबलेस टायरची भिंत पातळ असते आणि तिला उभी ठेवते ती आतली हवाच. हवा गेली की भिंत दुमडते, रिमखाली चिरडली जाते आणि थोड्याच अंतरात टायर फेकून देण्याच्या लायकीचा होतो.

कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये डनलॉपने १९७० च्या दशकात डेनोव्हो नावाचा असा टायर काढला होता. अमेरिकेत १९९४ पासून शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडीला गुडइयरचे रन-फ्लॅट टायर पर्याय म्हणून मिळू लागले. मात्र रोजच्या वापरातल्या गाड्यांत ते आणले प्रामुख्याने बीएमडब्ल्यूने, २००० नंतरच्या दशकात. स्टेपनीची गरज संपल्यामुळे डिकीत जागा वाढली आणि गाडीचे वजन घटले. बीएमडब्ल्यूचा चेन्नईजवळचा कारखाना २००७ मध्ये सुरू झाला आणि भारतीय रस्त्यांवर अशा गाड्या वाढू लागल्या. आज त्यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, मध्यमवर्गीय वसाहतींतल्या घरांपुढे उभ्या दिसतात. टायर बदलायचा प्रश्न बहुधा याच मालकांपुढे येतो. मूळ टायर झिजलेले असतात, नव्या रन-फ्लॅटची किंमत जड वाटते आणि दुकानदार म्हणतो, साधे टाका.

इंदूरच्या पश्चिम भागातल्या सुदामा नगरासारख्या वसाहतीत गाडीचा वापर दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी होतो. एक रोजचा. गल्लीतून फूटी कोठी किंवा अन्नपूर्णा रस्त्याकडे, रिंग रोडवर, फार तर राऊपर्यंत. वेग कमी, गतिरोधक भरपूर आणि पावसाळ्यानंतर डांबर उखडलेले. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे वरचा रस्ता खचतो आणि लाटांसारखा होतो. दुसरा वापर लांबचा. इंदुरातल्या अनेक मराठी कुटुंबांची पुण्या-मुंबईकडे, नाशिककडे, खानदेशात ये-जा असते. तो रस्ता राऊ, मानपूर, गणेश घाट, खलघाटचा नर्मदेवरचा पूल, सेंधवा, शिरपूर असा धुळ्याकडे उतरतो. या दोन वापरांची टायरकडून अपेक्षा एकमेकांच्या विरुद्ध आहे, आणि निर्णय अवघड होतो तो यामुळेच.

आधी शहरातल्या वापराबद्दल. साधा टायर खड्ड्यात गेला की त्याची भिंत लवते आणि धक्क्याचा काही भाग स्वतः घेते. रन-फ्लॅटची ताठ भिंत फारशी लवत नाही. धक्का रिमकडे, तिथून सस्पेन्शनकडे आणि शेवटी बसणाऱ्याच्या पाठीकडे जातो. कमी उंचीच्या टायरमध्ये, म्हणजे भिंत रुंदीच्या ४० किंवा ४५ टक्केच असते तिथे, हा त्रास फार जाणवतो. अलाय रिमला चीर जाणे, रिम वाकणे, भिंतीच्या आतले धागे तुटून टायरला फुगा येणे या तक्रारी खराब रस्त्यांवर नेहमीच्या आहेत. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, मग तो रन-फ्लॅट असो वा साधा. गेल्या काही वर्षांतल्या रन-फ्लॅटची भिंत आधीच्या पिढीपेक्षा मऊ झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. तरी फरक उरतोच.

दुसरी अडचण दुरुस्तीची. साध्या टायरच्या नक्षीत खिळा घुसला तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला रबराची पट्टी घालून पाच-दहा मिनिटांत काम उरकतो. रन-फ्लॅटमध्येही खिळा वेळीच दिसला आणि हवा बरीचशी शिल्लक असली तर काही कंपन्या दुरुस्तीला परवानगी देतात. पण टायर हवेविना चालवला गेला असेल तर भिंतीतले रबर आतून तापून कुसकरलेले असते आणि बाहेरून ते दिसत नाही. टायर रिमवरून उतरवला की आत काळा चुरा सापडतो. असा टायर पट्टी घालून पुन्हा वापरणे धोक्याचे आहे, कारण त्याची पुढच्या वेळी भार पेलण्याची ताकद गेलेली असते. तिसरी अडचण उपलब्धतेची. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, आणि कमी खपाच्या मापांना त्याची झळ जास्त बसली. इंदूरजवळ, धार जिल्ह्यातल्या खेडा इथे ब्रिजस्टोनचा कारखाना १९९८ पासून चालू आहे. पण कारखाना शेजारी असला म्हणून हवे ते माप हव्या त्या दिवशी दुकानात मिळत नाही. सिएटने २०२५ मध्ये स्वतःचे रन-फ्लॅट बाजारात आणल्यामुळे देशी पर्याय मिळाला आहे, तरी प्रत्येक गाडीचे माप त्यात असेलच असे नाही.

शहरापुरता विचार केला तर साध्या टायरची बाजू भक्कम आहे. गाडी मऊ चालते, आवाज कमी होतो, चाके हलकी होतात, खर्च उतरतो. गाडीच्या रचनेला यातून धोका नाही. बीएमडब्ल्यूच्या एम विभागातल्या वेगवान गाड्याही साध्या टायरवरच विकल्या गेल्या आहेत. रन-फ्लॅटसाठी बनलेल्या रिमच्या कडेला एक जादा उंचवटा असतो, हवा गेल्यावर टायर रिमवरून घसरू नये म्हणून. त्याच रिमवर साधा टायर व्यवस्थित बसतो. गाडीचे सस्पेन्शन ताठ टायर गृहीत धरून जुळवलेले असल्याने वळणावर स्टिअरिंगचा प्रतिसाद किंचित सैल वाटतो. बहुतेकांना काही दिवसांत त्याची सवय होते.

खरा प्रश्न आहे तो सुटलेल्या आधाराचा. रन-फ्लॅटच्या गाडीत स्टेपनी नसते, पुष्कळदा जॅक आणि पानाही नसतो, आणि काही गाड्यांच्या डिकीत स्टेपनी ठेवायचा खळगाच नसतो. अशा गाडीला साधे टायर बसवले की पंक्चरविरुद्धची एकुलती एक सोय निघून जाते. सेंधव्यापुढे रात्री अकरा वाजता टायर बसला तर रन-फ्लॅटवर शिरपूर सहज गाठता आले असते. साध्या टायरवर गाडी जागची हलणार नाही. टायर बदलण्याचा खर्च मोजताना या सोयीला पर्याय उभा करण्याचा खर्चही त्यात धरायला हवा, आणि तो पर्याय टायर बदलतानाच हातात असायला हवा, पुढच्या महिन्यात नव्हे.

पर्याय दोन. पहिला, हवा भरायचा छोटा पंप आणि भोक बुजवणारे द्रव्य, म्हणजे सीलंट. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, चालकासह नऊपर्यंत आसने आणि साडेतीन टनांपर्यंत वजन असलेल्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा संच पुरेसा आहे. रस्त्याच्या दृष्टीने त्याला मर्यादा आहेत. सीलंट नक्षीतले खिळ्याएवढे भोक बुजवते. भिंत फाटली किंवा खड्ड्याने टायर चिरला तर त्याचा काही उपयोग नाही. ते घातल्यावरही ताशी ८० च्या आत राहून जवळचे दुकान गाठायचे असते. सीलंटच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते आणि ती उलटली की द्रव्य घट्ट होते. पट्टी घालायचा संच सोबत ठेवणे आणि तो वापरायला शिकून घेणे याहून उपयोगी पडते.

दुसरा पर्याय स्टेपनीच, आणि जो वर्षातून दोन-चारदा तरी घाट उतरून महाराष्ट्रात जातो त्याने हाच निवडावा. पूर्ण मापाचे चाक डिकी व्यापते, म्हणून पुष्कळजण अरुंद, तात्पुरती स्टेपनी घेतात. तिच्यातला दाब नेहमीपेक्षा बराच जास्त, साधारण ६० पीएसआय असतो आणि वेगाची मर्यादा ताशी ८०. घेताना बोल्टांची संख्या आणि अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि मुख्य म्हणजे ब्रेकच्या कॅलिपरवरून ते चाक मोकळे फिरते का, हे प्रत्यक्ष बसवून पाहावे. पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या रुंदीची असतील, किंवा चारही चाकांना शक्ती मिळत असेल, तर स्टेपनीचा एकूण व्यास गाडीच्या चाकांशी जुळणे फार महत्त्वाचे. जॅक, पाना आणि चोरी टाळण्यासाठी लावलेल्या खास बोल्टची किल्ली डिकीत असायलाच हवी. ती किल्ली नसेल तर स्टेपनी असून नसल्यासारखी होते.

टायर निवडताना मूळ टायरवरचे आकडे नीट वाचावे लागतात. समजा त्यावर २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू असे लिहिले आहे. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४५ हे भिंतीच्या उंचीचे रुंदीशी टक्केवारीतले प्रमाण, १७ हा रिमचा इंचांतला व्यास. ९१ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. ९४ असेल तर ६७० किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. नवा टायर भाराच्या बाबतीत मूळ आकड्याइतका किंवा त्याहून वरचा असावा, कधीही खालचा नको. वेगाचे अक्षर उतरवून स्वस्त टायर घ्यायचा मोह होतो, कारण चौपदरी महामार्गावरच कमाल मर्यादा ताशी १०० आहे. इंदूरच्या परिसरात २७० चा वेग रीतसर गाठता येईल अशी जागा म्हणजे पीथमपूरच्या नॅट्रॅक्स संस्थेतला, जून २०२१ मध्ये उद्घाटन झालेला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग. पण त्या अक्षरातून टायर उष्णता किती सोसतो हेही कळते. मे महिन्यातल्या तापलेल्या डांबरावर भरल्या गाडीने तासन्‌तास जायचे असेल तर कारखान्याने दिलेले अक्षर राखणेच शहाणपणाचे.

जुना टायर रन-फ्लॅट आहे की नाही हे त्याच्या भिंतीवरच्या खुणेवरून कळते. ब्रिजस्टोन आरएफटी लिहिते, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेन्टल एसएसआर, गुडइयर आरओएफ. बीएमडब्ल्यूच्या गाड्यांवर आरएससी हीही खूण आढळते. खरेदी करताना चार आकडी उत्पादन-खूण पाहावी. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. कमी खपाच्या मापात दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर निघू शकतो.

बदल चारही चाकांचा एकदम करावा. दोन रन-फ्लॅट आणि दोन साधे अशी सरमिसळ केली तर पुढचा आणि मागचा भाग वळणावर वेगवेगळे वागतात, आणि ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक लावताना हा फरक महागात पडू शकतो. पैसे वाचवायचे तर जुने चारही टायर नक्षी १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेजवळ येईपर्यंत वापरून मग बदलणे बरे.

दुकान निवडताना यंत्र पाहावे. रन-फ्लॅटची कड ताठ असल्याने तो उतरवायला जादा हाताचे यंत्र लागते. पहारीने उचकटले तर रिमची कड आणि आतला दाबाचा सेन्सर दोन्ही तुटू शकतात. काही गाड्यांत असा सेन्सर प्रत्येक चाकात बसवलेला असतो. काहींत तो नसतो. तिथे एबीएसचे सेन्सर चाकांचे फेरे मोजतात आणि हवा कमी झालेले चाक व्यास घटल्यामुळे जास्त फेरे घेते, त्यावरून गाडी इशारा देते. दोन्ही प्रकारांत नवे टायर बसल्यावर यंत्रणा रिसेट करावी लागते, आणि दुसऱ्या प्रकारात गाडी थोडा वेळ चालवल्यावरच तिला नवी चाके समजतात. साध्या टायरवर या इशाऱ्याचे मोल वाढते, कारण तो वेळीच मिळाला तरच टायर वाचतो. चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावी. दाब दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरावा. नायट्रोजनवर वेगळा खर्च करण्याचे कारण नाही.

विम्याचे थोडक्यात. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत टायरचे नुकसान गाडीच्या इतर नुकसानीसोबत झाले असेल तरच आणि बदलीच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंतच भरून मिळते. नुसत्या खड्ड्याने आलेला फुगा त्यात बसत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्याच मापाचा साधा टायर बसवणे आणि मोठ्या मापाची चाके लावून गाडीची मूळ ठेवण बदलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट केल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि विमा कंपनी दोन्हींकडून अडचण येऊ शकते.

काहींनी मात्र रन-फ्लॅट सोडू नयेत. ज्यांना वय, पाठदुखी किंवा इतर कारणाने चाक बदलणे जमत नाही, जे रात्री एकटे लांबचा प्रवास करतात, ज्यांच्या गाडीत स्टेपनीला जागाच नाही, त्यांच्यासाठी ताठ टायरचे धक्के सोसण्याजोगे आहेत. इतरांनी साधे टायर बसवल्यावर पहिल्या लांबच्या प्रवासाआधी एकदा गल्लीतच, दिवसाउजेडी, जॅक लावून एक चाक काढून पुन्हा बसवून पाहावे: जॅक टेकवायची जागा कुठे, बोल्ट पान्याने सुटतात की दुकानातल्या यंत्राने वाजवीपेक्षा जास्त आवळले गेले आहेत, तात्पुरत्या स्टेपनीत हवा आहे का. नंतर पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर बोल्ट ठरलेल्या ताणाला पुन्हा तपासून घ्यावेत, आणि स्टेपनीतला दाब इतर चारांबरोबर दर महिन्याला पाहावा.