हिरवळीच्या मुळाशी : जपानी भुंगेरा, हुमणी आणि कीडनियंत्रणातील कालनिवड

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्रांगणातील हिरवळ पिवळी पडू लागली की सर्वसाधारणपणे दोन उपाय योजले जातात. प्रथम पाणी वाढविले जाते. त्याने फरक न पडल्यास माळ्यास औषध आणून टाकण्यास सांगितले जाते. औषध कोणत्या किडीसाठी आणि या महिन्यात ते लागू पडेल काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः हिरवळीची सर्वाधिक हानी करणारे कीटक जमिनीखाली मुळांशी राहतात, आणि त्यांच्या वर्षभराच्या आयुष्यातील काही आठवडेच उपायास अनुकूल असतात. प्रस्तुत लेखात या मुद्द्याचा विचार अमेरिकेतील जपानी भुंगेऱ्याच्या आधारे केला असून, त्याच कुळातील आपल्या हुमणीस तो कितपत लागू पडतो हे पुढे पाहिले आहे.

जीवनक्रम व नुकसानीचे स्वरूप

जपानी भुंगेरा (पॉपिलिया जॅपोनिका) अमेरिकेत प्रथम १९१६ साली न्यू जर्सी राज्यातील रिव्हर्टन येथील रोपवाटिकेत आढळला. मायदेशी तो फारसा उपद्रवी नव्हता. तेथे त्याचे नैसर्गिक शत्रू होते आणि अळ्यांना पोसणारी विस्तीर्ण गवताळ जमीन बेताचीच होती. अमेरिकेत मात्र शत्रू नव्हते, आणि घरोघरी राखलेली, पाणी दिलेली हिरवळ जणू त्याच्यासाठीच अंथरलेली होती.

प्रौढ भुंगेरा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, हिरव्या-तांबूस धातूच्या चकाकीचा असतो व तीनशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर उपजीविका करतो. मादी जुलै-ऑगस्टमध्ये ओलसर गवताळ जमिनीत चाळीस ते साठ अंडी घालते. सुमारे दोन आठवड्यांत अंडी उबून बाहेर पडलेल्या अळ्या शरद ऋतूपर्यंत मुळे कुरतडतात, हिवाळ्यात खोल जातात, वसंतात पुन्हा वर येऊन थोडा काळ खातात आणि मग कोषावस्थेत जातात. मुळे तुटल्याने गवत सतरंजीसारखे गुंडाळता येते. अळ्यांच्या शोधात आलेले पक्षी व स्कंक, रॅकूनसारखे प्राणी पुष्कळदा अळ्यांपेक्षाही अधिक जमीन उकरून ठेवतात.

या जीवनक्रमातच नियंत्रणाचे सूत्र आहे. नुकत्याच उबलेल्या अळ्या लहान, पृष्ठभागालगत व विषास संवेदनशील असतात. नुकसान डोळ्यांस दिसू लागते तोवर त्या मोठ्या झालेल्या असतात. म्हणजे गवत पिवळे पडल्यावर टाकलेले औषध बहुधा उशिराच पोहोचते. आणि त्याचा परिणाम दिसला नाही की मात्रा वाढविण्याचा मोह होतो.

विषाचा मार्ग

या मोहाचा इतिहास मोठा आहे. प्रारंभी गोल्फच्या मैदानांत लेड आर्सेनेट मातीत मिसळले जाई. महायुद्धानंतर डीडीटी, क्लोर्डेन, आल्ड्रिन व डिल्ड्रिन ही दीर्घकाळ टिकणारी क्लोरिनयुक्त द्रव्ये आली. एकदा टाकले की वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही, हाच त्यांचा गुण मानला गेला. इलिनॉय राज्यातील शेल्डनच्या परिसरात १९५४ पासून डिल्ड्रिन विमानातून पसरण्यात आले. विषाने तडफडणाऱ्या अळ्या व गांडुळे पृष्ठभागावर आली, ती पक्ष्यांनी खाल्ली आणि पक्षी मेले. भुंगेऱ्याची पश्चिमेकडील वाटचाल मात्र थांबली नाही. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये रेचल कार्सन यांनी या प्रकरणाची विस्तृत नोंद घेतली आहे.

पुढे डायझिनॉन आले. पक्ष्यांच्या मृत्यूंमुळे १९८० च्या दशकात गोल्फ मैदानांवरील त्याच्या वापरास तेथील पर्यावरण संस्थेने मनाई केली. त्यानंतरची निओनिकोटिनॉइड गटातील औषधे पक्षी व सस्तन प्राण्यांस तुलनेने सौम्य ठरली, पण प्रश्न मधमाश्यांकडे वळला. केंटकी विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, क्लोथियानिडिन फवारलेल्या हिरवळीतील क्लोव्हरच्या फुलांवर चरलेल्या भुंगमाश्यांच्या वसाहतींत नव्या राण्या निपजल्याच नाहीत. फवारणीनंतर गवत कापून ती फुले काढून टाकली असता मात्र हा परिणाम दिसला नाही. औषध तेच आणि मात्राही तीच असताना केवळ कापणीने एवढा फरक पडावा, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुधी रोग : यश व मर्यादा

१९३३ साली न्यू जर्सीत काही अळ्यांचे रक्त दुधासारखे पांढरे झालेले आढळले. एक जिवाणू अळीच्या रक्तात वाढतो, अळी मरते आणि तिच्या शरीरातील असंख्य बीजाणू मातीत मिसळून पुढील पिढीची वाट पाहतात. या बीजाणूंची भुकटी १९३९ ते १९५३ या काळात पूर्वेकडील चौदा राज्यांत शासकीय कार्यक्रमातून पसरण्यात आली. मनुष्य, पक्षी, गांडुळे यांस तिचा उपद्रव नाही. परंतु ती सर्वत्र सारखी चालली नाही. थंड जमिनीत जिवाणू मंद वाढतो, अळ्या विरळ असल्यास रोग पसरत नाही; १९९० च्या दशकात केंटकीतील प्रक्षेत्र-प्रयोगांत तर तिचा अपेक्षित परिणाम दिसलाच नाही. शिवाय ही भुकटी जपानी भुंगेऱ्यापुरतीच आहे. ‘जैविक’ एवढी चिठ्ठी पाहून ती अन्य अळ्यांसाठी घेणे निरर्थक होय.

आपल्याकडील हुमणी

महाराष्ट्रात हुमणीची ओळख ऊस व भुईमूग यांवरील कीड अशी आहे. पण मैदानातील हरळीची मुळेही तिला वर्ज्य नाहीत. होलोट्रिकिया सेराटा या जातीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या दमदार पावसानंतर सायंकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात, तेथेच मीलन होते आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. अळ्या पावसाळाभर वाढतात; पाऊस सरता सरता त्या पूर्ण वाढून कोषासाठी खोल जातात. स्नेहसंमेलनापूर्वी, नोव्हेंबर-डिसेंबरात मैदानावर टाकलेले औषध म्हणूनच जवळजवळ वाया जाते. ते मातीत, विहिरीत आणि अनवाणी काम करणाऱ्या माळ्याच्या अंगात मात्र जाते. हुमणीसाठी सर्रास वापरले जाणारे दाणेदार फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाले आहे. कोठाराच्या कोपऱ्यात जुनी पिशवी उरली असल्यास ती ‘संपवून टाकण्यासाठी’ मैदानावर पसरणे बेकायदेशीर व घातक आहे.

पिवळेपणा म्हणजे हुमणीच, असेही नाही. पाण्याचा ताण, पायदळी दबलेली माती, बुरशी यांनीही गवत पिवळे पडते. ऑगस्टमध्ये संशयित जागी एक फूट लांब-रुंद तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उचलावा व खालची बोटभर खोल माती चाळून अर्धवर्तुळाकार वळलेल्या पांढऱ्या अळ्या मोजाव्यात. एखाद-दुसरी आढळल्यास निरोगी हरळी ते नुकसान सहज सोसते. अमेरिकेतही प्रतिचौरस फूट पाच ते दहा अळ्यांखाली उपाय सुचविला जात नाही. याहून अधिक आढळल्यास, जमीन ओली असताना सायंकाळी मेटारायझियम बुरशी किंवा हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हा सूत्रकृमी सोडता येतो. हा सूत्रकृमी मूळ कोइमतूर येथे सापडलेला असल्याने आपल्या उष्ण मातीशी परिचित आहे. दोहोंस ऊन व कोरडेपणा मारक ठरतो.

तथापि सर्वांत स्वस्त उपाय जूनमधलाच आहे. मैदानाच्या कडेला कडुनिंब असल्यास पहिल्या पावसानंतरच्या चार-पाच संध्याकाळी काठीने फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. प्राणिशास्त्र विभागाच्या विद्यार्थ्यांनी हे काम केल्यास रोजची मोजणीही आपोआप नोंदली जाईल. शेजारच्या शेतकऱ्यांनीही तेच केले तर उत्तम, कारण भुंगेरे कुंपण जाणत नाहीत. नोव्हेंबरात पिवळे दिसणारे तुकडे तेवढे उकरून, वर आलेल्या अळ्या साळुंक्या व बगळ्यांसाठी दोन दिवस तशाच ठेवाव्यात आणि मग तेथे हरळीचे नवे ठोंब लावून पाणी द्यावे.