फळ्यांनाही हवेची सवय होऊ द्या

लष्करात ९,००० फुटांच्या वर जायचं असेल, तर जवानाला आधी हवेची सवय करून घ्यायला मुक्काम करावा लागतो. हा नियम मी कसोशीने पाळायला लावला. निवृत्तीनंतर इंदूरजवळ महूला घर बांधलं, तेव्हा माळ्याच्या फळ्यांना मात्र तो लावला नाही.

ऑगस्ट होता. मिस्त्री म्हणाले, "साहेब, माल ओला आहे, थांबू या." मी हुकूम सोडला, "उद्याच ठोका." एप्रिलमध्ये फटी पडल्या आणि माळ्यावरची धूळ थेट जेवणाच्या ताटात येऊ लागली. खिळे काढताना बऱ्याच फळ्या चिरल्या.

कारण साधं आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत फरक नगण्य, रुंदीत जाणवणारा. सहा इंची सागाची फळी १६ टक्के ओलाव्यावरून ८ टक्क्यांवर आली, की साधारण २ मिलिमीटर आकसते.

दुसऱ्या खेपेला दिवाळीनंतर फळ्या आणल्या. त्या माळ्यावरच रचल्या, कारण पत्र्याखालची हवा खालच्या खोलीपेक्षा वेगळी असते. प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या घातल्या, म्हणजे वारा सगळीकडून खेळतो. एका फळीवर खूण करून दर चार दिवसांनी तिचं वजन केलं. तीन आठवड्यांनी वजन उतरायचं थांबलं, तेव्हाच खिळे ठोकले. पावसाळ्यात लाकूड फुगणार, म्हणून भिंतीलगत १० मिलिमीटर जागा सोडली.

मिस्त्रींना म्हणालो, "तुमचं पहिल्यांदाच ऐकायला हवं होतं." ते नुसते हसले.