स्वातीच्या नावाची होडी

स्वाती नक्षत्र कोणत्या शेतकऱ्याला ठाऊक नाही? स्वातीच्या पावसाने मोती पिकतात, असे आपल्याकडे म्हणतात. हाच स्वातीचा तांबूस तारा सातासमुद्रापलीकडच्या हवाई बेटांतील लोकांनाही जिव्हाळ्याचा आहे. ते त्याला 'होकुलेआ', म्हणजे आनंदाचा तारा, म्हणतात. दर्यावरून परतणाऱ्या नावाड्याच्या डोक्यावर स्वाती आली, की आपण घराच्या रांगेत आलो, हे तो ओळखतो. गंमत अशी, की मुंबई, बीड, परभणी ही आपली गावेही त्याच रांगेत आहेत. वैशाखात अंगणात बाज टाकून पडावे, तर रात्री हाच तारा आपल्याही माथ्यावर येतो.

या ताऱ्याचे नाव दिलेल्या एका होडीची ही हकिगत.

विसरलेली विद्या

पॅसिफिक महासागरातील बेटे पॉलिनेशियन लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी वसवली. जोडहोडीतून त्यांनी अळू, केळी, नीरफणस यांचे बियाणे आणि कोंबड्या सोबत नेल्या. पुढे हवाईत ही नौकाविद्या लोपली. हे लोक वाऱ्याबरोबर वाहत जाऊन चुकून बेटांना लागले असावेत, असेही काही पंडित म्हणू लागले.

ते खरे की खोटे हे पाहण्यासाठी १९७३ मध्ये तिथे एक मंडळ निघाले. १९७५ मध्ये जुन्या घाटाची, सुमारे ६२ फूट लांबीची 'होकुलेआ' ही शिडाची जोडहोडी पाण्यात उतरली. पण वाट दाखवणार कोण? हवाईत जाणता उरला नव्हता. शेवटी सातावल नावाच्या लहानशा बेटावरून माऊ पियाइलुग यांना बोलावले. आजोबांच्या हाताखाली ते लहानपणापासून ही विद्या शिकले होते.

१ मे १९७६ रोजी होडी निघाली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. कोणता तारा कोठे उगवतो आणि कोठे मावळतो, लाट कोणत्या अंगाने येते, एवढ्यावर भिस्त. काही पक्षी सकाळी मासे धरायला बेटावरून निघतात आणि सांजेला परततात. ते जिकडे वळतील तिकडे जमीन! ४ जूनला होडी सुमारे चार हजार किलोमीटरवरच्या ताहितीला लागली. किनाऱ्यावर हजारोंची गर्दी लोटली होती.

जीव गेला, जिद्द नाही

१९७८ मध्ये होडी वादळी दर्यात उलटली. एडी ऐकाऊ हा तरुण मदत आणण्यासाठी लाटांवर खेळायच्या फळीवर निघाला, तो परत आलाच नाही. बाकीचे वाचले. नैनोआ थॉम्पसन या तरुणाने मग माऊंना पुन्हा गाठले, त्यांच्यापाशी बसून शिकला आणि १९८० मध्ये होडी ताहितीला नेऊन परत आणली. घरची विद्या परक्यांना दिली म्हणून माऊंना बोल लागला. पण शिकवली नाही तर ती आपल्याबरोबरच जाईल, हे त्यांनी ओळखले होते. २००७ मध्ये हवाईच्या लोकांनी त्यांना गुरुदक्षिणा म्हणून होडीच दिली. तिच्या नावातील 'माइसू' म्हणजे वाऱ्याने पडलेला नीरफणस. तो कोणीही उचलून न्यावा.

झाड मिळाले नाही

मध्यंतरी पूर्वजांसारखी सबंध ओंडक्याची होडी करायचे ठरले. त्यासाठी 'कोआ' जातीचे थोर झाड हवे होते. महिनोन् महिने जंगल पालथे घातले, पण तेवढे झाड सापडेना. तोड आणि गुराढोरांची चराई यांनी जंगल संपले होते. अखेर अलास्कातील आदिवासींनी आपल्या रानातील दोन वृक्ष दिले. पण ते घेण्याआधी हवाईच्या मंडळींनी आपल्या डोंगरावर कोआची हजारो रोपे लावली. ती होडी १९९३ मध्ये पाण्यात उतरली.

तेव्हापासून नुसती होडी चालवून भागणार नाही, रान आणि दर्याही राखला पाहिजे, हे त्यांना पटले. २०१४ ते २०१७ या काळात 'होकुलेआ'ने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ब्रीद होते 'मालामा होनुआ', म्हणजे पृथ्वीची काळजी घ्या. बंदरोबंदरी शाळांतील मुले होडीवर आली आणि खलाशी शाळांत गेले. ते सांगत, होडी म्हणजे बेट आणि बेट म्हणजे होडी. होडीवर पाणी आणि शिधा मोजूनच वापरावा लागतो, बेटावरही तसेच.

आपले गाव तरी काय वेगळे आहे? विहिरीला पाणी तेवढेच, गायरान तेवढेच. आणि नक्षत्रे, वारे, पाखरांची चाल ओळखणारे म्हातारे आपल्या घरोघरी अजून आहेत. एखाद्या रात्री पोरांना त्यांच्याजवळ बसवा आणि स्वाती कोणती ते विचारायला सांगा.